नुसतं बीटी बीटी करून कापूस वाढणार नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात कापसाचा एकरी उतारा घटल्याची बातमी आली, त्यात दोष सगळा बोंडअळीचा आणि पावसाचा, आणि उपाय काय तर नवीन बीटी, म्हणजे अळी मारणारा जीन (जनुक) घातलेलं बियाणं, आणा. म्हणून लिहितोय. मी राहतो काळाचौकीला पण सासुरवाडी यवतमाळकडची, त्यामुळे दिवाळीनंतर घरी फोनवर कापसाशिवाय दुसरं बोलणं नसतं.

अहो बीटीचा जीन अळी मारायला आहे, बोंडं वाढवायला नाही. झाडाला बोंडं किती धरली, बोंड किती ग्रॅमचं भरलं आणि जिनिंगला सरकी वेगळी काढून रुई किती पडली, उत्पादन ठरतं ते यावर आणि यातला प्रत्येक गुण बऱ्याच जीन्सचा मिळून येतो. परत त्यांची आपापसात भांडणं, बोंडं जास्त लागली की वजन कमी भरतं, रुई वाढवायला जावं तर बऱ्याचदा धाग्याची मजबुती उतरते. आणि क्विंटलला 34 किलो रुई देणारं वाण काय नि 38 देणारं काय, शेतकऱ्याच्या पावतीवर दोन्ही एक क्विंटलच!

हे सगळं जुळवायचं तर आईबाप वाण वेगवेगळे लागतात ना. 1970 ला सुरतेत डॉ. सी. टी. पटेलांनी एच-4 काढला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, त्यात एक बाजू गुजरात 67 आणि दुसरी अमेरिकन नेक्टरीलेस, म्हणजे एक इथला एक बाहेरचा. 2002 ला बीटीला परवानगी मिळाल्यावर बियाण्याची पाकिटं शेकड्याने आली, पण ती बहुतेक अमेरिकन जातीच्या कापसाची, आणि त्याचा जनुकीय पाया मुळातच अरुंद, म्हणजे वाणावाणांत वेगळेपणा कमी, त्यातच फिरून फिरून संकर केल्यावर नवीन काय हाती लागणार?

आपल्याकडे तर जगात लागवडीला असलेल्या कापसाच्या चारही जाती पिकतात. देशी कापूस कोरडवाहूत तग धरतो, तुडतुड्यांना, म्हणजे रस शोषणाऱ्या किडीला, अमेरिकनसारखा लगेच बळी पडत नाही. बोंड बारीक, धागा आखूड, हे मान्य, आणि दहिया हा पानांवरचा बुरशीचा रोग येतो तो वेगळाच. पण स्वातंत्र्याच्या वेळी देशात बहुतेक कापूस हाच होता की.

वाणांचा मोठा साठा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत आहे आणि धागा तपासणारी संस्था 1924 पासून आपल्या माटुंग्यात. वार्ताहराला तिकडे पाठवा, लोकलने जाऊन येईल, आणि देशीतल्या कुठल्या वाणाचा धागा आज गिरणीत चालतो तेवढं विचारून छापा, वाणाच्या नावासकट.

आपला एक वाचक,
काळाचौकी, मुंबई