आधी धरण भरल्याची बातमी, मग रजेचा अर्ज

महोदय,

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पुरवण्या महाबळेश्वर, गोवा, केरळने भरतात आणि मराठवाड्याच्या वाट्याला कैलास लेण्याचे एक छायाचित्र येते. खरे तर मे महिन्यात तेही छापू नये. पारा चाळिशीपार असताना अजिंठ्याच्या चित्रलेण्यांबाहेर चपला काढून उभ्या असलेल्या लेकराबाळांचे हाल पाहवत नाहीत. मराठवाडा पाहावा तो पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत, आणि त्यातही महिना पाहून गाव निवडावे.

माझी पहिली पसंती नळदुर्गला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर दगडी बंधारा घालून हा किल्ला पलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याला जोडला गेला. पाणी महाल आहे तो या बंधाऱ्याच्या पोटात. नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळत असताना आतल्या सज्जात उभे राहिले, तर समोर पाण्याचा पडदा आणि माणूस मात्र कोरडा! पण हे वर्षभर नसते. वरचे बोरी धरण भरून वाहू लागले तरच खाली धबधबे सुरू होतात. साधारण भाद्रपद-आश्विनात, आणि पावसाने दगा दिला तर त्या साली नाहीच. महिनाभर आधी तारीख ठरवून गाडी सांगणाऱ्यांची म्हणूनच निराशा होते. आधी धरण भरल्याची बातमी, मग रजेचा अर्ज. ओल्या दगडांवर शेवाळ असते, तेव्हा गुळगुळीत तळाची स्लिपर नको. किल्ला ऐसपैस आहे. उपळी बुरूज चढायचा असेल तर निदान तीन तास हवेत. नवरात्र जोडून जाणार असाल तर कोजागरीचे दिवस सोडा, कारण तेव्हा तुळजापूरला पायी जाणाऱ्यांसाठी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहने दुसरीकडून वळवतात.

दिवाळीच्या सुट्टीत अजिंठा-वेरूळ. इथे घोळ होतो तो वारांचा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रविवारी दौलताबाद उरकून सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ ठरवणारे दोन्हीकडे बंद फाटकापुढे उतरतात. नुसती अदलाबदल केली की दोन्ही पदरात पडतात. (श्रावणी सोमवारी मात्र वेरूळचे नावही काढू नका, घृष्णेश्वराच्या गर्दीत गाडी हलत नाही.)

अजिंठ्याला स्वतःची गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर ठेवून पुढचे चार किलोमीटर बसनेच जावे लागते. सगळे सहलवाले पहिल्या लेण्यापासून सुरुवात करतात; आपण सकाळी फाटक उघडताच थेट २६ क्रमांक गाठावा. एरवी तिथल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपर्यंत पोहोचताना पाय गळालेले असतात. परतताना १७, १६, २ आणि शेवटी १. या पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र आहे. आत शिरल्या शिरल्या काही दिसत नाही म्हणून माघारी फिरू नका. चार-पाच मिनिटे तसेच उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की आधी मुकुट, मग हातातले कमळ असे एकेक वर येते. फ्लॅशला बंदी आहेच, पण शेजारच्याने मोबाइलची बॅटरी लावली तरी सरावलेले डोळे पुन्हा दिपतात. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे तिथे दुपार कलल्यावर प्रकाश चांगला मिळतो. कैलास पाहून बहुतेक जण परततात आणि उत्तर टोकाची जैन लेणी राहून जातात. ३२ क्रमांकाची इंद्रसभा चुकवू नये.

थंडीत पैठणचा नाथसागर. रोहित पक्षी पाहायला धरणाच्या भिंतीवर जाऊन उपयोग नाही. त्यांना उथळ पाणी लागते, ते फुगवट्याच्या कडेला. धरण तुडुंब असेल त्या वर्षी हे उथळ पट्टे पाण्याखाली असतात आणि पक्षी विखुरतात, मग पाणी ओसरेपर्यंत थांबावे. पहाटे निघा, दुर्बीण न्या. त्याच दिवसांत हुरडाही असतो.

इतिहासाची गोडी असेल तर तेरचे लामतुरे संग्रहालय आणि विटांचे त्रिविक्रम मंदिर कधीही पाहावे. किनवटकडच्या सहस्रकुंडाला पावसाळ्यात जरूर जा, पण पैनगंगेचे पाणी अचानक वाढते. फोटोसाठी खडकावर उतरू नका.

आपणास एक विनंती. पावसाळ्यात आपण धरणांच्या पाणीसाठ्याची चौकट छापता. तिच्यात नळदुर्गचे धबधबे सुरू आहेत की बंद, एवढी एक ओळ वाढवावी.

– एक वाचक, उमरगा, जि. धाराशिव