बर्फ खराब असतो त्या दिवसाबद्दलही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला स्कीइंगवरचा लेख वाचला. फोटो मस्त होते आणि बूट कसे निवडायचे, पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर का घ्यायचा हे लेखकाने नीट सांगितलंय त्याबद्दल थँक्यू. पण अख्ख्या लेखात बर्फ कायम मऊ, कोरा आणि गुडघाभर. सुट्टी आपण कितीतरी महिने आधी बुक करतो आणि बर्फ काही आपली तारीख बघून पडत नाही, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला खराब बर्फ येतो, आणि त्याबद्दल त्यांना कोणी काहीच सांगितलेलं नसतं. म्हणून हे पत्र.

याच सीझनला मला असा एक दिवस मिळाला. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. सकाळी बोर्डवर लिहिलेलं, लिफ्ट चालू, स्लोप ओपन, आणि बर्फाची जाडी म्हणून एक दणदणीत आकडा. तो आकडा डोंगराच्या पार वरच्या टोकाला मोजलेला होता. खाली जिथे नवशिके शिकतात तिथे दोन्ही बाजूंना तपकिरी उतार, सुकलेलं गवत, दगड, आणि मधून स्नो गनने बनवलेल्या बर्फाची एक पांढरी पट्टी. बाकीचे स्लोप बंद, त्यामुळे शिकणारे, फास्ट जाणारे, स्नोबोर्डवाले, लहान मुलं, सगळे त्या एकाच पट्टीवर.

आधीचे काही दिवस ऊन आणि मधे पाऊस झालेला. अशा वेळी दिवसा वरचा थर वितळतो, पाणी खाली मुरतं आणि रात्री आभाळ मोकळं असलं की ते सगळं गोठून घट्ट होतं. स्लोप सपाट करणारं ग्रूमर मशीन फिरून गेलं तरी फार फरक पडत नाही, उलट ओला बर्फ उकरल्यावर जी ढेकळं पडतात तीच गोठून दगडासारखी टणक होतात आणि त्यावरून स्की गेली की नुसती उडते. सकाळी त्या पट्टीवर सगळीकडे खरवडल्याचा आवाज येत होता. स्कीची धार बर्फात रुतत नव्हती, वळायला गेलं की माणूस आडवा घसरत जायचा. आणि कडक बर्फावर पडलं की पडल्या जागी थांबता येत नाही हे नवीन माणसाला माहीतच नसतं. मऊ बर्फात आपण पडतो आणि तिथेच राहतो, इथे माणूस घसरत घसरत खाली जातो, आणि खाली कोणीतरी उभं असतं.

दुपारी बरोबर उलटं. ऊन आलं आणि तोच बर्फ पाणचट, जड झाला, शेकडो लोकांच्या वळणांनी त्याचे ढीग झाले. आता वेग कमी, म्हणून लोकांना वाटतं धोका गेला. पण गुडघे याच वेळी जातात. स्कीचं टोक ढिगात अडकतं, अंग पुढे जातं आणि पिळ गुडघ्यावर येतो. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, सुटेल असं सगळे धरून चालतात, पण बाइंडिंग मुळात नडगीचं हाड मोडू नये म्हणून बनवलेली गोष्ट आहे, हळू वेगात पिळवटून पडलं तर ती कधीकधी सुटतच नाही, आणि गुडघ्यातला लिगामेंट वाचवेल याची काही गॅरंटी नाही. माझ्यासमोर एक कॉलेजची मुलगी अशीच पडली, वेग जवळपास नव्हताच. स्की पेट्रोलची, म्हणजे स्लोपवर मदतीला असलेली माणसं तिला स्लेजवर बांधून खाली घेऊन गेले. तिचा स्कीचा पहिलाच दिवस होता, आणि तिला कोणीतरी सांगितलेलं की हा निळा स्लोप आहे, सोपा आहे, बिनधास्त जा.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. हिरवा, निळा, लाल, काळा हे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे युरोपातले रंग (अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा डायमंड) मुख्यतः उतार किती तीव्र आहे त्यावरून ठरतात. बर्फ कसा आहे याचा त्यात हिशोब नाही. पाटी एकदा लागली की लागली. पण गोठलेला निळा स्लोप चांगल्या बर्फातल्या लाल स्लोपपेक्षा अवघड असतो, हे स्की करणारा कोणीही सांगेल. हिमस्खलनासाठी युरोपने 1993 पासून एक ते पाच असं एकच धोक्याचं माप ठरवलंय, डोंगरात जाणारा माणूस सकाळी उठून आधी तो आकडा बघतो. मग तयार स्लोपवर, जिथे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कच्ची माणसं असतात, तिथे आज बर्फ कडक आहे, नवशिक्यांनी तो सैल होईपर्यंत थांबा, एवढं साधं वाक्य मोठ्या अक्षरात का नसावं? अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी रिपोर्टमध्ये बर्फाचा प्रकार लिहितात, पण तिथेही "फ्रोजन ग्रॅन्युलर" (गोठून घट्ट झालेला दाणेदार बर्फ) असले शब्द असतात, ज्याचा अर्थ नवीन माणसाला काय कळणार.

आर्टिफिशियल बर्फाबद्दल पण लोकांचा गैरसमज आहे. स्नो गन आहेत म्हणजे बर्फाची चिंता मिटली, असं नाही. त्या गनमधून पाण्याचे बारीक थेंब हवेत फवारतात आणि ते खाली पडेपर्यंत गोठायला लागतात, त्यासाठी हवा थंड आणि शक्यतो कोरडी लागते, वेट बल्ब तापमान (हवेतला दमटपणाही धरून मोजलेलं) साधारण उणे 2 अंशांच्या खाली असेल तर काम नीट होतं. ऊबदार, दमट रात्री गन बंदच ठेवाव्या लागतात. आणि जो बर्फ तयार होतो तो आभाळातून पडणाऱ्या चांदण्यांच्या आकाराचा नसतो, गोल बारीक दाणे असतात, ताज्या नैसर्गिक बर्फापेक्षा कितीतरी दाट. तो टिकतो जास्त, पण दाबला जाऊन लवकर कडक होतो. ऑलिंपिकसारख्या ठिकाणीही बर्फाची किती मारामार होते बघा. 2010 ला व्हँकुव्हरच्या सायप्रस माउंटनवर ट्रक आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणला, खाली गवताच्या पेंढ्या रचल्या. सोचीला 2014 साठी आदल्या हिवाळ्यातला बर्फ झाकून साठवला होता. बीजिंगला 2022 मध्ये जवळपास सगळाच बर्फ मशीनचा. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटच्या डोंगरावरच्या स्की वर्ल्ड कपच्या डाउनहिल रेस बर्फ नाही म्हणून रद्द झाल्या. एवढ्या उंचीवर ही परिस्थिती, तर कमी उंचीवरच्या रिसॉर्टचं काय. म्हणजे खराब बर्फ आता अपवाद राहिलेला नाही, त्याची तयारी करूनच जायला हवं.

काही लोक म्हणतात रेसर तर कडक बर्फच मागतात. खरंय, रेसच्या कोर्समध्ये मुद्दाम पाणी सोडून तो गोठवतात, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्या रेसरपर्यंत कोर्स खराब होत नाही. पण त्यांच्या स्कीला रोज धार लावलेली असते आणि त्यांचे पाय लहानपणापासून तयार झालेले असतात. भाड्याच्या स्कीची धार बऱ्याचदा बोथट असते आणि घेणारा ती बघतही नाही. स्की हातात घेतल्यावर नख धारेवर आडवं ओढून बघावं, नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे, नाहीतर सरळ दुसरी जोडी मागावी, कडक बर्फाच्या दिवशी हा हट्ट धरायलाच पाहिजे.

अशा दिवशी स्की करूच नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. मी त्या दिवशी मधले दोनेक तास खूप छान स्की केलं. सकाळचं गोठलेपण जाऊन वरचा पातळ थर नुकता सैल झाला की बारीक दाणेदार बर्फ मिळतो, त्यावर वळणं इतकी सहज येतात की पाय थकलेत हे पण कळत नाही. पण ती वेळ पकडावी लागते. पूर्वेकडचे उतार आधी सैल होतात, मग दक्षिणेचे, पश्चिमेचे शेवटी, म्हणजे उन्हाच्या मागे मागे फिरायचं, सकाळी पहिल्या लिफ्टची घाई करायची नाही आणि बर्फ पाणचट झाला की तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात न राहता निघायचं. अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही अशा वळणाखाली थांबायचं नाही. एफआयएसचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे, स्की करणाऱ्यांसाठी 10 नियम आहेत, त्यातला दुसराच असं सांगतो की वेग आपल्या कुवतीप्रमाणे आणि जमीन, बर्फ, हवा, गर्दी बघून ठेवा. हा नियम स्लोपवर पाळायचा असेल तर बर्फ कसा आहे हे आधी माणसाला कळायला नको का?

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी स्कीइंगवर लेख छापाल तेव्हा बाजूला एक छोटी चौकट द्या. त्यात तिकीट काढायच्या आधी विचारायचे प्रश्न असू देत: खालच्या स्टेशनला बर्फ किती आहे, शेवटचा बर्फ कधी पडला, रात्री तापमान शून्याखाली गेलं होतं का, किती स्लोप उघडे आहेत आणि त्यातले नवशिक्यांचे किती, बर्फ खराब असेल तर तिकिटाची तारीख बदलून मिळते का. गर्दीच्या काऊंटरवर पाच लोकांनी हे विचारलं की समोरच्याला उत्तर शोधावंच लागतं. चौकटीचा मजकूर पाहिजे असेल तर मी लिहून पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक