राहायला येण्याआधी डक्टची सफाई

नाशिक,
१४ मे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या गंगापूर रोडच्या बंगल्याचे काम आटोपत आले आहे आणि रंगाऱ्याचा शेवटचा हात तेवढा राहिला आहे, हे तुला कळलेच असेल. घर देखणे झाले आहे. परंतु काकूंना घेऊन तू पुण्याहून राहायला येण्यापूर्वी एक काम व्हायलाच हवे, आणि ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. वातानुकूलन यंत्राचे डक्ट, म्हणजे हवा खोल्यांपर्यंत नेणारे आणि परत आणणारे बंदिस्त मार्ग, आतून साफ झाल्याशिवाय ते यंत्र कोणीही सुरू करू नये, नुसत्या फॅनवरसुद्धा नाही, असे माझे ठाम मत आहे.

काल चावी घेऊन गेलो होतो, तेव्हा पॅसेजमधल्या रिटर्न ग्रिलचे, म्हणजे घरातली हवा यंत्राकडे परत ओढणाऱ्या जाळीचे, स्क्रू काढून पाहिले. मागच्या नायलॉनच्या फिल्टरवर पांढरा थर इतका घट्ट बसला आहे की नखाने उचकटल्यावर त्याची खपलीच हातात आली. तिच्यात पुट्टी होती, सुताराच्या रंध्याचा भुसा होता आणि कडेला ग्रॅनाइटची करडी पूड होती. फिल्टर बाजूला करून मोबाइलचा टॉर्च आत धरला, तर डक्टच्या सरळ भागात थर पातळ, पण वळणापाशी आणि हवा कमी-जास्त करणाऱ्या डॅम्परच्या पात्याशी चांगला जाड दिसला. हवेचा वेग जिथे मंदावतो, तिथेच ती आपले ओझे टाकते. याहून वाईट म्हणजे काकूंच्या खोलीत गार हवा सोडणाऱ्या सप्लाय ग्रिलच्या आतही भुशाची बारीक पूड सापडली. कंत्राटदार म्हणतो की, काम चालू असताना यंत्र लावलेच नव्हते. बंद यंत्राच्या डक्टमधून भुसा पॅसेजपासून त्या खोलीपर्यंत जात नाही. एप्रिलच्या उकाड्यात माणसांनी ते लावले असणार, आणि उन्हात राबणाऱ्यांना गारवा हवासा वाटला, यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. पण काम सुरू होण्याआधी सगळी ग्रिल जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करून यंत्राचा मेन स्विच काढून ठेवणे ही कंत्राटदाराची जबाबदारी होती. ती त्याने पाळली नाही, याचा मला मनापासून राग आला आहे.

धूळ तर नाशिकमध्ये सगळीकडेच आहे, मग याचेच एवढे काय, असे तुला वाटेल. घरातल्या रोजच्या धुळीत आणि या धुळीत मोठा फरक आहे. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्स कोरड्या कटरने कापताना जी पूड उडते, तिच्यात स्फटिकी सिलिका असते, आणि तिचे चार-पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली अशी सिलिका श्वासावाटे आत जाणे हे माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकले. अर्थात तो धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे दगड कापणाऱ्या कामगारांना आहे, डक्टमधल्या थोड्या पुडीने तुमच्या घरात तसे काही होईल असे म्हणून मी तुला घाबरवणार नाही. मला चिंता आहे ती काकूंच्या दम्याची. पुट्टीची पूड अल्कधर्मी असते, ती नाका-घशाला झोंबते, आणि यंत्र लावताच ती त्यांच्या पलंगाच्या वरूनच खाली येणार आहे. बारीक कण एकदा उडाले की बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात.

दुसरे कारण यंत्राचे आहे. नायलॉनचा फिल्टर तंतू आणि जाडा कचरा अडवतो. बारीक पूड त्यातून पार होऊन हवा गार करणाऱ्या नळ्या-पत्र्यांच्या कूलिंग कॉइलवर बसते. यंत्र चालू झाले की कॉइल ओली होते. पोत्यातून उडालेले कोरडे पीओपी आणि सिमेंट पाणी लागताच घट्ट होतात हे तुला सांगायला नकोच. कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये ते एकदा धरले की हवेची वाट अडते, गारवा कमी पडतो आणि विजेचे बिल चढते. तोच गाळ पुढे कॉइलखालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये आणि ड्रेन पाइपमध्ये उतरतो. पाइप चोंदला म्हणजे पाणी थेट तुझ्या नव्या फॉल्स सीलिंगवर. म्हणून यंत्र पुन्हा चालू होऊन कॉइल ओली होण्याआधीच हे काम उरकायला हवे.

आता काम कसे व्हावे, ते लिहितो, कारण या नावाखाली काहीही खपवले जाते. ग्रिलमध्ये घरगुती व्हॅक्युम क्लीनरची नळी हातभर घालून फिरवणे म्हणजे डक्टची सफाई नव्हे. साध्या व्हॅक्युमच्या पिशवीतून बारीक पूड उलट खोलीतच परत येते. योग्य पद्धत अशी की मेन स्विच बंद करून सगळी ग्रिल उतरवायची आणि धुवायला काढायची, उघडी तोंडे प्लास्टिकने बंद करायची, आणि इनडोअर युनिटजवळ मुख्य डक्टला मोठे सक्शन मशीन जोडायचे, म्हणजे आतली हवा सतत त्या मशीनकडेच ओढली जाते आणि निघालेली धूळ घरात पसरत नाही. मग सर्वांत लांबच्या तोंडापासून फिरता ब्रश किंवा दाबाच्या हवेची नळी आत घालून मशीनच्या दिशेने येत राहायचे. मशीनला हेपा, म्हणजे अतिबारीक धूळ अडवणारा, फिल्टर आहे का, हे मी स्वतः पाहणार आहे, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि तो नसेल तर मशीनने घराबाहेर फेकलेली पूड शेजाऱ्यांच्या खिडकीत जाईल. रिटर्नची बाजू आधी करून घ्यायची, कारण घरातली हवा तीच ओढते आणि सगळ्यांत जास्त तीच माखलेली आहे.

तुझ्याकडे मुख्य डक्ट जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पत्र्याचा आहे, त्याला ब्रश चालेल. ग्रिलपर्यंतचे शेवटचे तुकडे मात्र फ्लेक्सिबल आहेत, तारेच्या वेटोळ्यावर पातळ पडदा ओढलेले. त्यावर कडक ब्रश फिरवला की तो फाटतो, म्हणून ते साफ करण्याच्या भानगडीत न पडता नवेच टाकावेत, असे मी सुचवतो. यंत्राजवळच्या पहिल्या काही फुटांत आवाज मरावा म्हणून आतून अस्तर आहे; तिथे हलक्या हाताने नुसते सक्शन, आणि पाण्याचा थेंबही नको, कारण ते अस्तर भिजले तर वाळत नाही आणि त्यात बुरशी धरते. ब्रश आत घालण्यासाठी पत्र्याला झरोके कापावे लागतील. ते पत्र्याचे झाकण, स्क्रू आणि सीलंट लावून पक्के बंद झाले पाहिजेत आणि वरून इन्सुलेशनही पुन्हा चिकटवले गेले पाहिजे; नाहीतर पावसाळ्याच्या दमट हवेत त्या उघड्या पत्र्याला पाणी सुटेल आणि छतावर डाग उमटतील. शेवटी कॉइल, ब्लोअरची पाती, ट्रे आणि ड्रेन पाइप. हे सोडून नुसते डक्ट साफ केले तर पहिल्याच दिवशी सगळी पूड पुन्हा पुढे जाईल.

डक्ट साफ करणाऱ्या लोकांपैकी कोणी तुला फोन करून औषधाची फवारणी, सुगंधी फॉगिंग किंवा आतून रसायनाचा लेप सुचवला, तर नम्रपणे नाही म्हण. कोरड्या धुळीवर फवारा मारून ती निघत नाही, चिकटते. आणि दम्याच्या माणसाच्या घरात तो वास नकोच. दरवर्षीच्या कराराचीही गरज नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे स्पष्ट म्हणणे आहे की डक्टच्या सफाईने आजार टळतात असे सिद्ध झालेले नाही, ती ठरावीक मुदतीने नव्हे तर गरज पडेल तेव्हाच करावी. मला हे पटते. माझ्या घरचे डक्ट मी इतकी वर्षे उघडलेलेसुद्धा नाहीत, फिल्टर धुतो तेवढेच. तुझ्याकडे गरज आहे, कारण आत काय साचले आहे ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

क्रम चुकू देऊ नये. दारांचे पॉलिश आणि रंगाऱ्याचे घासकाम पूर्ण होऊ दे. मग घर ओल्या फडक्याने, वरून खाली, दोनदा पुसून घ्यायचे. केरसुणी अजिबात नको. त्यानंतर डक्ट. त्यानंतरच सोफे आणि गाद्या. पहिला महिनाभर दर आठवड्याला फिल्टर धुवावा लागेल, कारण कपाटांच्या मागून आणि पडद्यांतून उरलेली पूड निघतच राहील. शिवाय २०२७च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामे काढली आहेत, तेव्हा दुपारच्या वेळी रस्त्याकडच्या खिडक्या बंदच ठेवा. किचनच्या चिमणीचा पाइपही त्याच दिवशी उतरवून पाहतो. त्यात जुन्या तेलकट थरावर पुट्टी बसली असेल, तर पाइप बदललेलाच बरा.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांचे डक्ट साफ करणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. ते सोमवारी घर पाहायला येतील आणि ग्रिलगणिक नव्हे, तर सगळ्या कामाचा मिळून एकच दर देतील. आधीचे आणि नंतरचे फोटो प्रत्येक तोंडापासून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे आणि त्यांनी ते आनंदाने मान्य केले. खर्च कंत्राटदाराच्या शेवटच्या हप्त्यातून वळता करावा असे मला वाटते. मात्र ते बोलणे तू स्वतः कर, मी मध्ये पडलो तर ते बरे दिसणार नाही. तुझा होकार रविवारपर्यंत कळव, म्हणजे त्यांना तसे सांगता येईल. काकूंना निघण्याची घाई करू देऊ नकोस. काम दोन दिवस लांबले तर त्या वहिनींसह आमच्याकडे उतरतील, खोली तयार आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
विनायक