व्हॉल्यूम पेडल "नेहमी" शेवटी?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रिक गिटारच्या पेडलबोर्डवर (आवाज बदलणारी पायाने चालवायची पेडलं एकामागोमाग जोडलेली फळी) लेख आला, बरं वाटलं, नाहीतर पेपरात गिटार म्हटलं की शेकोटी आणि अकॉस्टिक एवढंच. पण एक वाक्य खटकलं. व्हॉल्यूम पेडल, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करायचं पेडल, नेहमी सगळ्यात शेवटी, अँपच्या आधी लावायचं म्हणे. त्यातलं "नेहमी" तेवढं चुकलंय. मी रत्नागिरीत वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय, त्यातली सुरुवातीची काही वर्षं मीपण ते शेवटीच लावायचो म्हणून सांगतोय.

होतं काय की पेडल टाचेकडे दाबलं की आवाज बंद, चवड्याकडे दाबलं की फुल. आता टाच खाली ठेवून तार छेडायची आणि मग हळूच चवडा दाबायचा, म्हणजे छेडल्याचा तो "टक्" ऐकूच येत नाही आणि सूर गजाने काढल्यासारखा आतून वर येतो. हा स्वेल, म्हणजे सूर असा फुलवणं, खुलतो तो व्हॉल्यूम पेडलनंतर डिले (सूर पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) आणि रिव्हर्ब (हॉलमधल्यासारखी घुमी देणारं) असला तर, कारण पाय खाली आणला तरी पडसाद चालू राहतात आणि त्यांच्यावर आपण पुढची कॉर्ड आरामात चढवतो. पेडल शेवटी असेल तर पाय खाली आला की पडसादासकट सगळं छाटलं जातं, दार आपटल्यासारखं. दोन गाण्यांच्या मध्ये सगळी घरघर बंद करायला शेवटची जागा चांगली आहे, नाही असं नाही, पण मग लेखात तसं लिहा ना.

ओव्हरड्राइव्हचंही, म्हणजे आवाज चरचरीत करणाऱ्या पेडलचंही, तेच. व्हॉल्यूम पेडल त्याच्या आधी लावलं तर ते गिटारच्या व्हॉल्यूम नॉबसारखं चालतं, कमी केलं की आवाजाबरोबर ड्राइव्हचा चरचरीतपणाही उतरतो. नंतर लावलं तर चरचर तेवढीच राहते, फक्त लहान-मोठी होते. मी ड्राइव्हनंतर आणि डिलेच्या आधी लावतो, म्हणजे गाण्याच्या मागे पाऊण दाबून ठेवायचं आणि सोलो आला की उरलेलं पाव द्यायचं, साऊंडवाला चहाला गेला असला तरी आपलं अडत नाही (तो गेलेलाच असतो). अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकमधले पेडल स्टीलवाले (आडवी ठेवून वाजवायची, पायाच्या पेडलांची गिटार) तर सूर विरायला लागला की पेडल दाबत जातात आणि सूर लांबवतात, त्यांचा उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवरून हलतच नाही. आपल्याकडे संगीत नाटकातले ऑर्गनवाले पायाने भाता मारायचेच की, तेव्हा पायाने वाजवणं आपल्याला काही नवीन नाही.

दुसरी गोष्ट लेखात आलीच नाही आणि नवीन पोरं तिथेच पैसे घालवतात. बॅटरी-अडाप्टर न लागणारं पेडल घेताना आतला पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता भाग) किती ओहमचा ते बघा. साध्या पिकअपची गिटार थेट त्यात लावणार असाल तर २५० के (के म्हणजे हजार ओहम) किंवा ५०० के, आणि आधी बफर (सिग्नल कमजोर होऊ न देणारं सर्किट) किंवा चालू असलेलं बफरवालं पेडल असेल, नाहीतर गिटारच अॅक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेली) असेल, तर २५ के. माझ्याकडच्या एका पोराने स्वस्त मिळालं म्हणून २५ केवालं आणलं आणि गिटार थेट त्यात घातली, आवाजातली धार, म्हणजे ट्रेबल, सगळी गेली, गिटार गोधडी पांघरून वाजतेय असं वाटायचं आणि तो बिचारा महिनाभर तारा बदलत बसला. पेडलच्या ट्यूनर आऊटलाही (ट्यूनर जोडायची वेगळी जागा) केबल लावून ठेवली की थोडा ट्रेबल तिथेही जातो, मधे बफर टाकला की बराचसा परत येतो.

आणि आतली दोरी! बऱ्याच पेडलमध्ये पॉट दोरीने फिरतो आणि ती दोरी तुटते. माझी तुटली ती भर गणपतीत, गाण्यातला गिटारचा तुकडा चार मात्रांवर आलेला आणि पाय दाबतोय तर काहीच नाही, लोण्यात पाय घातल्यासारखं. शेवटी वाकून केबल उपसली, ड्राइव्हमधून सरळ डिलेत घातली आणि अर्धा तुकडा तरी वाजवला, गायकाने त्या दिवशी माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतंय. दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्यातून जाळ्याचा नायलॉन दोरा आणून ओवला, तो दोन महिन्यांत ताणून सैल पडला, मग कंपनीचीच दोरी मागवली. आता एक जास्तीची दोरी गिटारच्या बॅगेतच असते, सोबत पॉटवर मारायचा क्लीनर स्प्रे, कारण आमच्या खाऱ्या हवेत पॉट फार लवकर खरखरायला लागतो.

पुढच्या रविवारी ते "नेहमी" दुरुस्त करून छापलंत तर बरं होईल. आणि लेखाबरोबरच्या फोटोत गिटारची केबल पेडलच्या आऊटपुटमध्ये लावलेली आहे, तेही एकदा बघा.

आपला,
एक ऑर्केस्ट्रावाला, रत्नागिरी