ब्रेक ठेकेदाराचा, डाग आमच्यावर
महोदय,
मी आयटीआय झालेला फिटर, राहायला घणसोलीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आमच्या वयाच्या मुलांना कायम नोकरी मिळणं फार कठीण झालंय. मिळतं ते ठेकेदाराकडचं काम. काही महिने झाले की 'ब्रेक' देतात, म्हणजे कामावरून थांबवतात, आणि पुढच्या ठिकाणी तोच ब्रेक आमच्या आड येतो. परवा महापेला मुलाखत होती. साहेबांनी पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडायला लावलं. एकाखाली एक ठेकेदारांची नावं, प्रत्येकाकडे जेमतेम काही महिने. 'तू कुठे टिकत नाहीस,' म्हणाले. अहो, टिकू कोण देतं? अनुभवाचा दाखला मागावा, तर ठेकेदार फोन उचलत नाही.

२०२४ मध्ये सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. आयटीआयवाल्यांना महिना ८ हजार विद्यावेतन. माझे मित्र त्यात खरंच काम शिकले, पण मुदत संपली आणि घरी बसले. शिकलेल्या हातांना तिथेच का घेत नाहीत?

निदान एक करा: कामगाराच्या हातात दाखला पडल्याशिवाय कंपनीने ठेकेदाराचं बिल काढू नये, असा नियम कामगार खात्याने करावा.

– एक फिटर, घणसोली, नवी मुंबई