कलौर तुझ्या मोहालीपासून फार लांब नाही

प्रिय सोनू,

परवा फोनवर तू सांगितलंस की ऑफिसात एकाने हसत हसत पूर्ण आडनाव विचारलं आणि नंतर तो डबा खायला दुसऱ्या टेबलावर जायला लागला, तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही, रडू येतं, म्हणून हे टाईप करतेय, शुद्धलेखन बघू नकोस.

तू जिथे राहतोस तिथून जवळच फतेहगढ साहिब जिल्ह्यात कलौर नावाचं गाव आहे. 1850 च्या आसपास तिथे शीख लेखक आणि सुधारक ज्ञानी दित्त सिंग जन्मले. घराणं रविदासी, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने अस्पृश्यच. गुलाबदासी पंथाच्या डेऱ्यात वेदांत, काव्य शिकले, मग लाहोरला गेले. 1877 ला स्वामी दयानंद लाहोरला आले तेव्हा हा पंचविशीतला पोरगा त्यांच्याशी वाद घालायला बसला! (हेच दयानंद दोन वर्षं आधी पुण्यात होते, त्यांच्या मिरवणुकीला संरक्षण द्यायला जोतीराव आपली माणसं घेऊन गेले होते, ते तुला माहीत आहे.) पुढे काही दिवस आर्य समाजाशीही त्यांचं जमलं पण तिथे शीख गुरूंबद्दल वाकडं बोललं गेलं तेव्हा 1888 ला संबंध संपला.

त्यांची खरी जोडी जमली ती प्रोफेसर गुरमुख सिंगांशी. हे गुरमुख सिंग कपूरथळ्याच्या राजवाड्यातल्या आचाऱ्याचे चिरंजीव. म्हणजे बघ, एक आचाऱ्याचा पोरगा आणि एक रविदासी, दोघं मिळून लाहोर सिंग सभा, म्हणजे शीख सुधारकांची संघटना चालवतायत, 1886 ला खालसा अखबार नावाचा पेपर काढतायत आणि समोर कोण, तर बाबा खेम सिंग बेदी, गुरू नानकांच्या वंशातले, मोठे जहागीरदार, इंग्रज सरकारात वजन असलेले, दरबार साहिबात, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरात, गुरू ग्रंथासमोर स्वतःसाठी गादी टाकून बसणारे. या दोघांनी त्या गादीवरच बोट ठेवलं. गुरमुख सिंगांना 1887 मध्ये पंथाबाहेर टाकलं. त्याच वर्षी दित्त सिंगांनी स्वपन नाटक लिहिलं, त्यात नावं न घेता या सगळ्या मंडळींची अशी रेवडी उडवली की बेदींच्या पुतण्याने अब्रुनुकसानीचा दावाच ठोकला. 51 रुपये दंड झाला, अपिलात 1888 ला सुटले, पण कोर्टाच्या खर्चात पेपरचं कंबरडं मोडलं, 1889 ला बंद पडला, मग 1893 ला परत सुरू केला. मला हे परत सुरू करणंच फार आवडतं.

चाळीसहून जास्त पुस्तकं लिहिली त्यांनी. त्यातली काही गुग्गा पीर, सखी सरवर या तिकडच्या पीरांच्या नवसांची टर उडवणारी आहेत, ते मात्र मला नाही पटत. सुधारक कुठलाही असो, शेवटी बायकांच्या नवसावरच येतो. आपण माळेगावला खंडोबाच्या जत्रेला जातो म्हणून काय अडाणी झालो का. असो.

आता तुझ्या टेबलाचं. लोक दित्त सिंगांचं लिहिलेलं वाचायचे, भाषणाला गर्दी करायचे आणि जेवायच्या वेळी लांब बसवायचे. ज्या ग्रंथासमोर सगळे डोकं टेकवतात त्यात आपल्या नामदेवांची पदं आहेत तशी रविदासांची वाणी पण आहे, तरी रविदासांच्याच जातीतल्या माणसाने कडाह प्रसाद, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद आणला तर दरबार साहिबातले पुजारी तो घेईनात. दित्त सिंगांनी यावर लिहिलं, टोचून लिहिलं, पण सोडून गेले नाहीत. मी असते तर गेले असते, खरं सांगते.

1898 ला गुरमुख सिंग वारले. 1901 च्या जूनमध्ये दित्त सिंगांची मुलगी गेली, विद्यावंत कौर तिचं नाव. त्यातून ते सावरले नाहीत, सप्टेंबरात तेही गेले.

प्रसादाचा निकाल लागायला अजून 19 वर्षं लागली. 12 ऑक्टोबर 1920 ला दलित शिखांचा जथा अमृतसरला प्रसाद घेऊन गेला, खालसा कॉलेजचे काही प्रोफेसर सोबत होते. पुजारी नाही म्हणाले, बरीच हुज्जत झाली, शेवटी ठरलं की ग्रंथ उघडायचा, जे पान निघेल ते मानायचं. पान निघालं ते गुणहीनांनाही तो जवळ घेतो अशा अर्थाचं. प्रसाद घ्यावाच लागला. मग जथा समोरच्या अकाल तख्ताकडे, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाकडे वळला तर तिथले पुजारी गादी सोडून निघूनच गेले. साधारण महिन्याभराने गुरुद्वाऱ्यांचा कारभार बघणारी शिरोमणी गुरुद्वारा कमिटी उभी राहिली.

त्या माणसाशी बोलायचं की नाही ते तू ठरव, मी सांगणार नाही. पप्पा म्हणतात दुर्लक्ष कर, पण ते आयुष्यभर हेच म्हणत आलेत. नोकरी बदलायचा विचार मात्र लगेच करू नकोस, आणि डबा सोबतच्या त्या दोन पोरांबरोबरच खा, ते चांगले वाटतात मला. सुट्टी मिळाली की कलौरला जाऊन ये, फोटो पाठव.

तुझी,
आई