‘पचते’ हेच धोक्याचे लक्षण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘व्यसन रक्तातच असते’ आणि ‘मनावर ताबा नाही म्हणून व्यसन लागते’ ही दोन्ही मते वाचकांच्या पत्रांतून पुन्हा पुन्हा मांडली जातात. रुग्णाचे नुकसान दोन्हींमुळे होते, म्हणून हे पत्र.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनाची आनुवंशिकता सुमारे ५० टक्के धरली जाते. एखाद्याचे अर्धे व्यसन बापाकडून आले, असा याचा अर्थ नाही. व्यसनाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा जनुकांमुळे पडतो, इतकाच तो आकडा सांगतो. ‘व्यसनाचे जनुक’ असे एखादे नसतेच. शेकडो जनुकीय फरक मिळून हा कल घडतो आणि बहुतेकांचा वाटा अगदी किरकोळ असतो. त्यामुळे लाळ तपासून ‘तुमचा मुलगा व्यसनी होईल’ असे भाकीत कोणी विकत असेल, तर ते घेऊ नये.

मग वारशाने येते काय? पदार्थाला शरीर कसे प्रतिसाद देते, ते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना वजनाच्या प्रमाणात मोजून दारू दिली आणि उभे असताना त्यांचे शरीर किती डोलते, त्यांना नशा किती जाणवते, हे नोंदवले. ज्यांना फारसे काही झाले नाही, त्यांच्यात पुढच्या दहाएक वर्षांत व्यसनाचे प्रमाण जास्त निघाले. ‘याला दारू पचते’ म्हणून मित्रमंडळी ज्याची पाठ थोपटतात, त्यालाच खरा धोका असतो, कारण ‘आता पुरे’ हा शरीराचा इशारा त्याला उशिरा मिळतो. घरात कोणाला व्यसन असेल आणि मुलाला पहिल्यापासून दारू ‘चढत नसेल’, तर त्याला हे वेळीच आणि स्पष्ट शब्दांत सांगावे.

याच्या उलट प्रकार पूर्व आशियात आढळतो. दारूपासून यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते आणि मग एक विकर (एन्झाइम) त्याचा निचरा करते. तिथल्या अनेकांमध्ये या विकराचे जनुक दुबळे असते. दोन घोटांत चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळते. अशांना व्यसन कमी लागते, पण तरीही पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी हेच विकर अडवते. ती रुग्णाच्या नकळत जेवणात कालवून देणे फार घातक आहे. त्याने वरून दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो, प्रसंगी जीवही जातो. शेवटच्या पेयानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

पचवण्याची काही ताकद पिऊन पिऊनही येते. दारू मेंदूची धावपळ शमवते. रोज शमवली की मेंदू आपली उत्तेजना वाढवून तोल साधतो. दारू एकदम तोडली की ती वाढलेली उत्तेजना तेवढी उरते. सहा-आठ तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या आसपास भ्रम, भास, ताप, घाम. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘निर्धार दाखव’ म्हणून खोलीत कोंडणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी किंवा निदान त्याच्यासोबत थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांत ही कमावलेली ताकद सोडल्यावर काही दिवस-आठवड्यांतच ओसरते, ओढ मात्र मागे राहते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटलेला माणूस जुनाच डोस घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. म्हणून सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. हे घरच्यांना घरी सोडतानाच सांगावे आणि जिथे मिळते तिथे नॅलॉक्सोन हे अफूजन्य पदार्थांचा परिणाम उलटवणारे औषध त्यांच्या हाती द्यावे. त्याचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, त्यामुळे रुग्ण शुद्धीवर आला तरी त्याला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे.

आपला,
एक वाचक